अक्षराआधीचे मूल : ताराबाई मोडक आणि सचित्र अंकलिपीचा प्रश्न

१. प्रास्ताविक

मराठी घरात मुलाच्या हाती पडणारे पहिले छापील पुस्तक कोणते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच मिळेल : सचित्र अंकलिपी. असे असूनही मराठी बालवाङ्मयाच्या अभ्यासात अंकलिपीचा विचार क्वचितच झालेला दिसतो. तिला बहुधा लेखक नसतो आणि तिच्या आवृत्त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. वाङ्मयाचा अभ्यासक तिला शालेय साधन समजून बाजूला ठेवतो, तर शिक्षणाचा अभ्यासक तिला बाजारी वस्तू मानतो. प्रस्तुत लेखात या उपेक्षित पुस्तकामागील भाषाविषयक प्रश्नाकडे एका चरित्राच्या अनुषंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ते चरित्र ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे होय.

भारतीय बालशिक्षणाच्या प्रवर्तकांपैकी एक म्हणून ताराबाईंचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. मात्र त्यांच्या कार्याला भाषेच्या अंगानेही महत्त्व आहे, याकडे मराठी विभागांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुलाच्या आयुष्यात अक्षर केव्हा यावे आणि कोणाच्या शब्दाचे बोट धरून यावे, हा तो भाषिक प्रश्न. अंकलिपी या प्रश्नाचे एक उत्तर देते. ताराबाईंच्या आयुष्यातून त्याहून वेगळे उत्तर आकाराला आले. या दोन उत्तरांतील अंतर तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. अंकलिपीतील चित्राचे कार्य

बालपुस्तकांच्या युरोपीय इतिहासाचा आरंभ अनेकदा कोमेनियस याच्या १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्बिस पिक्टस’ या ग्रंथापासून सांगितला जातो. या ग्रंथाच्या प्रारंभी चित्रांची एक वर्णमाला आहे. तीत कावळा, मेंढी अशा प्राण्यांची चित्रे त्यांच्या आवाजासाठी दिली आहेत. मुलाने चित्र पाहून तो आवाज काढावा आणि त्या आवाजातून अक्षर ओळखावे, अशी ती योजना होती. चित्राचा संबंध तेथे ध्वनीशी होता.

आपल्या अंकलिपीतील चित्राचे कार्य निराळे आहे. येथे चित्रावरून आधी शब्द आठवायचा आणि मग त्या शब्दातून अक्षर वेगळे काढायचे. ‘क कमळाचा’ या रचनेतील षष्ठी विभक्ती लक्षणीय आहे. अक्षर हे जणू त्या वस्तूच्या मालकीचे होते. ही योजना यशस्वी होण्यासाठी एक अट पूर्ण व्हावी लागते : चित्र पाहताच मुलाच्या मनात पुस्तककर्त्याला अभिप्रेत असलेलाच शब्द यावा लागतो. औताचे चित्र पाहून एखादे मूल नांगर म्हणाले, तर ‘औ’ या अक्षराचा आधारच नाहीसा होतो. यज्ञ, ऋषी, क्षत्रिय, ज्ञानेश्वर ही परंपरेने येणारी उदाहरणे पाहिली, तर हा शब्दसंग्रह कोणत्या घरात सहज उपलब्ध असतो, हेही ध्यानात येते.

ध्वनीच्या पातळीवर ही अडचण अधिक गंभीर होते. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ या वर्णांनी शब्दाचा आरंभ होत नाही. म्हणून अंकलिपी त्यांच्यासाठी बाण आणि बाळ यांसारखे शब्द योजते. आता ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा परिसराचे उदाहरण घ्यावे. पनवेल, महापे, कल्याण आणि मुंब्रा या बाजूंचे रस्ते जेथे एकत्र येतात, त्या नाक्याभोवती आणि पुढे दिवा-डोंबिवलीपर्यंत आगरी वस्तीची जुनी गावे आहेत. आगरी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी सामान्यतः ‘न’ येतो आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. तेथील मुलाच्या घरात बाण हा ‘बान’ असतो आणि बाळ हे ‘बाल’ असते. म्हणजे चित्र त्याने अचूक ओळखले, शब्दही अचूक उच्चारला, तरी त्या शब्दात शिकवायचे अक्षर सापडत नाही. मुलाची चूक नसताना ते चुकते. हा दोष मुलाच्या बुद्धीकडे किंवा घराच्या अशुद्ध भाषेकडे लावला जातो. ताराबाईंच्या कार्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

३. जडणघडण : मुंबई ते भावनगर

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. स्त्रीशिक्षण आणि समाजसुधारणा या गोष्टी त्यांच्या घरात नित्याच्या होत्या. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीपर्यंत पोहोचलेल्या मराठी स्त्रियांची संख्या अत्यल्प होती. अमरावती येथील वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो टिकला नाही. १९२१ साली हे दांपत्य विभक्त झाले. एका सुशिक्षित स्त्रीने कन्येसह स्वतंत्रपणे उभे राहणे ही गोष्ट सुधारकी वर्तुळातही सोपी नव्हती.

त्यानंतर राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नियुक्ती झाली. प्रतिष्ठा, वेतन आणि स्थैर्य देणारे हे पद होते. मात्र त्या तेथे फार काळ रमल्या नाहीत. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा हा प्रयोग ताराबाईंना आकृष्ट करून गेला. प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या.

हा निर्णय त्यांच्या चरित्रातील निर्णायक वळण मानावा लागेल. अध्यापकांना घडविणाऱ्या संस्थेची प्रमुख असलेली व्यक्ती येथे अडीच-तीन वर्षांच्या मुलांजवळ जाऊन बसली. शिवाय मराठी भाषक असलेल्या ताराबाईंना हे सारे काम गुजराती मुलांमध्ये आणि गुजराती भाषेत करावे लागले. आपली नसलेली भाषा बोलणाऱ्या मुलाचे ऐकून घेणे, हा शिक्षकाचा पहिला धडा त्यांना येथे गिरवावा लागला असला पाहिजे. पुढील काळात आदिवासी पाड्यांवर त्यांनी जी दृष्टी दाखविली, तिची पूर्वतयारी भावनगरला झाली असे म्हणता येते. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालविली.

४. स्पर्शातून अक्षर

माँटेसरी पद्धतीतील अक्षराचे स्थान येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तेथील अनुभवावरून त्यांनी असा क्रम मांडला की, मूल वाचण्याआधी लिहू लागते आणि लिहिण्याआधी त्याच्या हाताची, बोटांची, डोळ्यांची व कानांची तयारी व्हावी लागते. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी ऐकते व उच्चारते. अक्षर आणि ध्वनी यांच्यामध्ये येथे चित्र नाही. आकार बोटाला कळतो, ध्वनी कानाला कळतो आणि दोहोंची सांगड मूल स्वतः घालते.

ही पद्धत देवनागरीत आणताना काही प्रश्न निर्माण होतात. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन ही स्वतंत्र चिन्हे आहेत. देवनागरीतील ‘क’ या चिन्हात ‘अ’ हा स्वर गृहीत असतो. ‘कि’ या अक्षरात वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहावी लागते, उच्चार मात्र नंतर होतो. सुट्या अक्षरांनी शब्द जुळविणाऱ्या मुलापुढे ही अडचण येतेच. दुसऱ्या बाजूने देवनागरीची वर्णमाला उच्चारस्थानांनुसार मांडलेली असल्यामुळे ध्वनीवर आधारलेल्या शिक्षणाला ती अनुकूलही आहे. पारंपरिक वर्णक्रम आणि आकारसाम्यावर आधारलेला ‘ग म भ न’ हा क्रम यांतील निवडीचा प्रश्नही मुळात हाच आहे : आधी कान की आधी हात? अंकलिपी या प्रश्नाला बगल देऊन डोळ्यापुढे चित्र ठेवते.

५. दादरचे शिशुविहार

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. मुलांच्या शाळेसोबत अध्यापिकांच्या प्रशिक्षणाची सोयही तेथे झाली. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षण या कल्पनेची ओळख करून देण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ यांसारखी त्यांची पुस्तके पालक आणि शिक्षक यांना उद्देशून आहेत. मुलाच्या वागण्यामागे कारण असते आणि ते शोधण्याची जबाबदारी मोठ्यांची असते, हे या लेखनाचे सूत्र आहे. ‘नदीची गोष्ट’ आणि ‘सवाई विक्रम’ ही त्यांची पुस्तकेही येथे नोंदविली पाहिजेत. गोष्ट, गाणे, संभाषण, हस्तव्यवसाय यांना बालशाळेच्या दिनक्रमात मध्यवर्ती स्थान मिळाले. अक्षर त्यांच्या मागून येणार होते.

दादरच्या यशाला मर्यादाही होत्या. माँटेसरी साधने महाग होती आणि त्यांचा लाभ मुख्यत्वे शहरी, सुस्थित मुलांना होत होता. गरीब वस्तीसाठी जन्मलेली पद्धती आपल्याकडे सुस्थितांच्या अंगणातच अडकून राहण्याचा धोका होता. ताराबाईंचे मोठेपण असे की, वयाची पन्नाशी उलटल्यावर आणि स्थिर झालेली संस्था हाती असताना त्यांनी या प्रश्नाला हात घातला.

६. बोर्डी आणि कोसबाद

१९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. आचार्य शंकरराव भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे बोर्डीत पूर्वपीठिका तयार होती. अनुताई वाघ (१९१०–१९९२) येथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढील अठ्ठावीस वर्षे हे काम दोघींचे झाले. याच वर्षी उंबरगाव-डहाणू-तलासरी या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा सुरू झाला होता. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची हकीगत नोंदविली आहे. ताराबाईंचा मार्ग राजकीय नव्हता. परंतु ज्या समाजात त्या मुलांची शाळा काढू पाहत होत्या, त्या समाजाची स्थिती काय होती, हे या योगायोगावरून स्पष्ट होते.

बोर्डीत त्यांच्या लक्षात आले की, बालवाडी उघडली म्हणजे सर्व मुले येतात असे नाही. दलित व आदिवासी वस्तीतील मुले गावातल्या शाळेपर्यंत पोहोचत नव्हती. काही धाकट्या भावंडांना सांभाळत, काही गुरांमागे जात. आणि शाळा ही आपली जागा आहे असे कोणालाच वाटत नव्हते. तेव्हा शाळाच वस्तीत न्यावी, हा विचार पुढे आला. घराच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. १९५०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर हलले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र जोडणारी विकासवाडी तेथे उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागला आणि कुरणशाळा आकाराला आली.

भाषेच्या दृष्टीने या प्रयोगांचे महत्त्व साधनांच्या निवडीत आहे. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती अशा परिसरातील वस्तू मुलांच्या हाती आल्या. या बदलाकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे अपुरे ठरेल. छापील चित्राला एकच अपेक्षित नाव असते. हातातल्या बीला मूल आपल्या घरचे नाव देते आणि ते नाव शिक्षकाला ऐकावे लागते. वारली बोली बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा क्रम फार मोलाचा ठरतो. येथे वस्तू आधी, मुलाचा शब्द नंतर आणि अक्षर सर्वांत शेवटी. अंकलिपीत अक्षर आधी ठरते, त्याला साजेसा शब्द निवडला जातो आणि त्या शब्दासाठी चित्र काढले जाते; मूल सर्वांत शेवटी येते.

अर्थात या पद्धतीने सर्व प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही. मुलाचा शब्द बोलीतला आणि छापील पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीतले, हा ताण पहिलीच्या वर्गात उभा राहतोच. बालवाडीने मुलाला बोलते केले, तरी पुढची शाळा त्याचे बोलणे स्वीकारील याची हमी बालवाडी देऊ शकत नाही. पाळणाघरापासून प्राथमिक शाळेपर्यंतचा सलग दुवा विकासवाडीत का घातला गेला, याचे एक कारण येथे दिसते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबादचे कार्य पुढे नेले.

७. समारोप

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. ठाणे जिल्ह्याच्या एका टोकाला रुजलेला हा शब्द देशाच्या व्यवहारात गेला. एखाद्या मराठी शब्दाचा असा प्रवास विरळाच. पण नावाबरोबर विचारही तितक्याच प्रमाणात गेला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पोषण आणि आरोग्य ही या योजनेची मोठी कामे आहेत आणि त्यांची गरज वादातीत आहे. परंतु पालक आणि शिक्षक या दोघांच्याही मनात शिकण्याचा आरंभ म्हणजे अक्षर, हे समीकरण कायम राहिले आणि ते अंकलिपीने घट्ट केले.

२०१४ साली पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर बोर्डी आणि कोसबाद ठाणे जिल्ह्यातून वेगळे झाले. प्रश्न मात्र दोन्ही जिल्ह्यांत सारखाच उरला आहे. शीळफाट्याभोवती आगरी बोलणाऱ्या घरांच्या शेजारी आता हिंदी, उर्दू आणि इतर भाषा बोलणारी घरेही आहेत. तेथील मूल बाणाच्या चित्राला ‘बान’ म्हणते किंवा त्याहून निराळेच नाव देते, तेव्हा त्याला दुरुस्त करायचे की आधी ऐकून घ्यायचे, हा निर्णय शिक्षकाला रोज करावा लागतो.

अंकलिपी टाकाऊ आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. लक्षावधी घरांत ती एकमेव पुस्तक असते आणि चित्रे पाहण्याचा आनंदही ती देते. तिची जागा कोणती, एवढाच प्रश्न आहे. मुलाचे बोलणे पुरेसे झाल्यावर ती हाती आली, तर ती सोबत ठरते. त्याआधी आली, तर मुलाच्या शब्दावर पहिली काट मारते. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात, दादर सोडून बोर्डीत आणि गाव सोडून पाड्याच्या अंगणात, असा ताराबाईंचा प्रवास दर वेळी मुलाच्या शब्दाच्या अधिक जवळ गेला. मराठीच्या अध्यापकांनी तो शिक्षणशास्त्राच्या हवाली करून मोकळे होऊ नये. बोलीकडून लेखनाकडे जाणारी वाट मुलाच्या पायांखाली कशी घातली जाते, हा भाषेच्या अभ्यासाचाच विषय आहे. आणि आपापल्या परिसरातील अंकलिपी व तेथील मुलांची बोली शेजारी ठेवून तपासणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे.