गर्टी कोरी: रक्तातल्या लॅक्टेटचं कोडं सोडवणारी शास्त्रज्ञ, जिला पगार मात्र नावापुरता मिळाला

वाळूज म्हटलं की आधी दुचाकींचा कारखाना आठवतो. पण याच एमआयडीसीत वोक्हार्टचा इन्सुलिनचा प्रकल्पही आहे. इन्सुलिन कमी पडलं की शरीरात नेमकं काय बिघडतं? हे समजून घ्यायचं तर गर्टी कोरी यांच्यापाशी थांबावं लागतं.

त्यांचा जन्म 15 ऑगस्ट 1896 चा, प्रागमधला. वडील साखर शुद्धीकरणाच्या धंद्यात होते आणि मुलीनंही आयुष्यभर साखरेचाच अभ्यास केला, फक्त शरीरातल्या! 1920 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी त्यांनी वर्गमित्र कार्ल कोरींशी लग्न केलं आणि 1922 मध्ये अमेरिका गाठली.

1929 मध्ये दोघांनी एक चक्र मांडलं. स्नायू साखर जाळतात तेव्हा लॅक्टेट तयार होतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याची पुन्हा साखर बनते आणि ती स्नायूंकडे परत येते. म्हणजे लॅक्टेट हा निव्वळ कचरा नाही. यालाच आज 'कोरी चक्र' म्हणतात.

डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा, अनेक रुग्णांचं लॅक्टेटही वाढलेलं दिसतं. शरीरातलं पाणी कमी झाल्यानं पेशींना रक्त अपुरं पडतं, शिवाय साखरेचा सगळा व्यवहारच बिघडलेला असतो. गंभीर जंतुसंसर्गात वाढलेलं लॅक्टेट ही धोक्याची घंटा. इथे मात्र तसंच असेल असं नाही. 2012 मध्ये अमेरिकेत 68 रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांचं लॅक्टेट वाढलेलं होतं, पण त्याचा मृत्यूशी संबंध आढळला नाही. अभ्यास छोटा होता, त्यामुळे रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या.

एवढं काम करूनही गर्टींना नोकरी कोणी धड देईना. नवऱ्यासोबत काम करून तुम्ही त्याचं करिअर बिघडवताय, असं त्यांना एका विद्यापीठात सुनावलं गेलं. 1931 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं कार्लना विभागप्रमुख केलं. तितक्याच अनुभवी गर्टी मात्र साध्या संशोधन सहायक, तेही अगदी तुटपुंज्या पगारावर.

पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते 1947 मध्ये. त्याच वर्षी नोबेलही मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि त्याच वर्षी अस्थिमज्जेचा असाध्य आजार झाल्याचं कळलं.

पुढची दहा वर्षं रक्त चढवून घेत त्या काम करत राहिल्या. थकल्या की पडायला प्रयोगशाळेजवळच्या खोलीत एक खाट ठेवलेली असायची. 26 ऑक्टोबर 1957 ला त्यांचं निधन झालं.