लक्ष्मणरावांची सायकल

किर्लोस्कर म्हटले की आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांना आधी नांगर आठवतो. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ सायकलीपासून झाला, आणि त्याही आधी एका मोडलेल्या स्वप्नापासून, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. शाळेत मन रमेना; ओढ चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांची नाराजी पत्करून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी आढळून आले, की काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणावर केवढा हा आघात! त्यांनी रंग बाजूला ठेवले. पेन्सिल मात्र ठेवली नाही. यंत्रांची रेखाटने शिकून ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

त्या काळी सायकल म्हणजे नवलाईची वस्तू. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यापार मांडला. हे मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकीत. किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ १८८८ मधला.

हे चरित्र मी वाचीत होतो त्याच दिवसांत, दसऱ्यानंतरच्या एका सकाळी, माझा मित्र आणि मी पाचोऱ्याहून भडगाव रस्त्याने सायकलींवर निघालो. घाई कसलीच नव्हती. पाऊस सरला होता, आभाळ धुतल्यासारखे निळे होते, कपाशीची बोंडे उमलू लागली होती. मित्राला चित्रकलेचे वेड. घरी मात्र शेतीला माणूस हवा. दिवाळीनंतर कॉलेजात परतायचे की नाही, हे त्याचे ठरत नव्हते. त्याच्या शेताच्या बांधावर, निंबाखाली, आजोबांच्या वेळचा लोखंडी नांगर गंजत पडला होता. मी त्याला लक्ष्मणरावांची पुढची हकीकत सांगितली.

नोकरीतील बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव ती सोडून बेळगावला आले. कडबा कापण्याची यंत्रे केली. पुढे १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर पडून राहिले. लक्ष्मणराव खचले नाहीत. पुढे बेळगावातील कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि भांडवल दिले, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तेथेही रामूअण्णा सोबत होतेच.

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, की सगळ्यांनाच रामूअण्णा मिळत नाहीत. त्याचे हे बोलणे माझ्या मनातून अजून जात नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांची जिद्द आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण एक वाट बंद झाली म्हणून त्यांनी दुसरी धरली, तेव्हा शेजारी त्यांच्याच गतीने चालणारा एक भाऊ होता, हे कोणी फारसे सांगत नाही. आपल्या वर्गातील एखाद्याचा बाक दिवाळीनंतर रिकामा दिसला, तर त्याला जिद्दीचा उपदेश करण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावे, असे मला वाटते.