तबकडीचे गाणे आणि गौहरजान

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी काहींच्या माळ्यावर जुन्या तबकड्या अद्याप असतील. त्या व्यवसायाचा पाया ज्यांच्या कंठाने हिंदुस्थानात घातला, त्या गौहरजान यांचा जन्म १८७३ साली आझमगड येथे झाला. मूळ नाव अँजेलिना. आईबापांचा संसार मोडल्यावर मातेने काशी येथे धर्मांतर केले व मलकाजान या नावाने गायिका म्हणून लौकिक मिळविला. पुढे मायलेकी कलकत्त्यास स्थायिक झाल्या.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग तेथे आले. गौहरजान यांचीच तबकडी पहिली, असे पुष्कळदा छापले जाते. वस्तुतः तेथील रंगभूमीवरील दोन तरुणींचे गाणे त्याआधी मुद्रित झाले होते. परंतु तबकडीस गिऱ्हाईक मिळवून दिले ते गौहरजान यांनी. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याशी तोंड नेऊन खड्या आवाजात गावे लागे. अवधी जेमतेम तीन मिनिटांचा. तासभर खुलणारी चीज तेवढ्यात बसवावयाची, आलाप आखडावयाचा आणि तरीही रंग उणा पडू द्यावयाचा नाही, ही खरी विद्या! पुढील चित्रपटगीताचे माप येथेच ठरले, असे मला वाटते. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत, तेथील कारागिरांस गायिका ओळखता यावी म्हणून.

अशा सुमारे ६०० तबकड्या दहाहून अधिक भाषांत निघाल्या. काडेपेट्यांवरही त्यांची छबी झळकली. १९११ च्या दिल्ली दरबारात अलाहाबादच्या जानकीबाईंसह त्या गायिल्या. उत्तरायुष्य मात्र कोर्टकज्ज्यांत व विवंचनेत गेले. १९२८ साली त्यांना म्हैसूर दरबारी आश्रय मिळाला. तेथेच १७ जानेवारी १९३० रोजी त्या निवर्तल्या.