लक्ष्याकडून लक्षणाकडे : पं. विष्णु नारायण भातखंडे

यवतमाळकडील बोलीत ‘तो काम करून राहिला’ असा प्रयोग सर्रास ऐकू येतो. भाषेचा अभ्यासक त्याला अशुद्ध ठरवीत नाही; त्यामागील नियम शोधतो. आधी व्यवहार आणि मग व्याकरण, ही दृष्टी हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासात ज्यांनी रुजविली, त्या भातखंडे यांच्या कार्याचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली. मात्र गायन उत्तेजक मंडळीतील सहवासाने संगीताची ओढ वाढत गेली. पुढे पत्नी आणि कन्या यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी आपले आयुष्य संगीतसंशोधनालाच वाहिले.

१९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला आणि नंतर उत्तरेकडील संगीतकेंद्रे पालथी घातली. जुने संस्कृत ग्रंथ एक सांगत होते आणि गवई दुसरेच गात होते. शिवाय बंदिशी ही घराण्यांची उपजीविका असल्याने त्या सहजासहजी दिल्या जात नसत. भातखंडे यांनी त्या चिकाटीने मिळविल्या, ताडून पाहिल्या आणि स्वरलिपीत उतरविल्या. ग्रंथातील नियम म्हणजे लक्षण आणि प्रत्यक्ष गायन म्हणजे लक्ष्य. दोहोंत विरोध आला, तर त्यांनी लक्ष्याला प्रमाण मानले.

व्यंकटमखीच्या ७२ मेळांचा अभ्यास करून त्यांनी प्रचलित रागांसाठी दहा थाट निश्चित केले. परंतु केवळ स्वरांनी राग ठरत नाही, हेही त्यांनी दाखविले. भूपाळी आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर सा, रे, ग, प, ध हेच आहेत. भूपाळीत गंधार वादी, म्हणून ती कल्याण थाटातील सायंकाळची. देशकारात धैवत वादी, म्हणून तो बिलावल थाटातील सकाळचा. तेच वर्ण असूनही आघात बदलताच अर्थ बदलावा, तसे हे आहे. त्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तर समेला गुणिलेचे चिन्ह आणि खालीला शून्य असते. त्यामुळे बंदिशीची स्थायी, अंतरा आणि तालाची विभागणी कागदावर स्पष्ट दिसू लागली.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मींड आणि आंदोलन चिन्हांत पुरते सापडत नाहीत. दोन्ही मध्यम घेणारा ललित मारवा थाटात बसविताना ओढाताण होते. तरीही वर्गीकरण उघडपणे मांडले गेल्यामुळेच त्यावर आक्षेप घेता आले, हे विसरून चालणार नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा चार भागांतील ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिलेला आहे. शास्त्रीय विवेचनासाठी मराठी गद्य किती समर्थ आहे, याचा तो पुरावा होय.

१९१६ मध्ये बडोद्यास त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या त्यांच्या प्रयत्नांमुळे वर्गात आणि पुस्तकात आली. दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्या आपणांस या बदलाचे मोल वेगळे सांगावयास नको.

सरावासाठी : भूपाळी आणि देशकार लागोपाठ ऐका. कोणत्या स्वरावर गायक अधिक थांबतो, याची नोंद करा.