पोरांना जेलमध्ये टाकू नका म्हणून नडलेला जज, ज्याने शेवटी फायलीच जाळून टाकल्या

साल १९०१. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात काउंटी कोर्टात फर्निचरच्या मालकीवरून एक कंटाळवाणा खटला चालू होता. मध्येच सरकारी वकील म्हणाले, चोरीची एक छोटी केस आहे, तेवढी उरकून घेऊ.

आरोपी म्हणून एक इटालियन पोरगा उभा केला गेला. गुन्हा काय, तर रेल्वेच्या रुळांजवळचा कोळसा चोरला. पुरावा होता आणि कायदाही स्पष्ट होता. जजने त्याला सुधारगृहात पाठवायचा हुकूम दिला आणि मागे बसलेली त्याची आई किंचाळली. भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागली.

जजचं नाव बेन लिंडसे. वय ३१, खुर्ची अगदी नवी. त्याने शिक्षा थांबवली आणि थेट त्या पोराचं घर गाठलं. दोन खोल्या, आजारी बाप आणि हाडं गोठवणारी थंडी. कोळसा कशाला हवा होता, हे विचारायची गरजच उरली नाही.

लिंडसे स्वतः हलाखीतून वर आला होता. जन्म १८६९ चा, टेनेसी राज्यातल्या जॅक्सन गावचा. वडिलांनी आत्महत्या केली तेव्हा तो १८ वर्षांचा होता. घर चालवायला एकाच वेळी दोन-तीन कामं करायची आणि उरलेल्या वेळात कायद्याचा अभ्यास. एकदा तोही जीव द्यायच्या टोकापर्यंत गेला होता, नशिबाने वाचला.

वकील झाल्यावर कोर्टाने त्याला दोन गरीब आरोपींची केस दिली. भेटायला जेलमध्ये गेला तर आरोपी म्हणजे दोन लहान पोरं निघाली. सराईत गुन्हेगारांसोबत पत्ते कुटत बसलेली, आणि खटला तर अजून सुरूही झालेला नव्हता.

आता काउंटी जेल म्हणजे काय, ते बघू. आपल्याकडे जिल्हा तशी तिकडे काउंटी. मोठी शिक्षा झालेले कैदी राज्याच्या तुरुंगात जातात. काउंटी जेलमध्ये असतात ते खटल्याची वाट बघणारे आणि छोट्या शिक्षा भोगणारे. म्हणजे दोष सिद्ध व्हायच्या आधीच माणूस तिथे पोचतो.

आणि पोरांचं काय? जुना इंग्लिश कायदा सांगायचा की ७ वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार ठरवता येत नाही. ७ ते १४ मध्ये त्याला समज होती हे सरकारने सिद्ध करायचं. १४ च्या पुढे सरळ मोठ्या माणसासारखा खटला. १८९९ मध्ये इलिनॉय राज्याने पहिला बालन्यायालय कायदा केला, पण कोलोरॅडोत तसं काही नव्हतं.

लिंडसेने मग पळवाट शोधली. कोलोरॅडोच्या १८९९ च्याच शाळांविषयीच्या कायद्यात बेशिस्त मुलांबद्दल एक कलम होतं. त्याने सरकारी वकिलांना सांगितलं की पोरांच्या सगळ्या केसेस या कलमाखाली माझ्याकडे आणा. चोर हा शिक्काच नको. पोरांनी ठरलेल्या शनिवारी शाळेतून शेरा घेऊन त्याच्याकडे यायचं, एवढीच अट.

ज्यांना सुधारगृहात पाठवणं भागच होतं, त्यांच्यासाठी त्याने जे केलं ते ऐकून पोलीस हसले होते. हुकुमाचा कागद पोराच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, गोल्डनला एकटा जा. सोबत पोलीस नाही, बेडी नाही. शेकडो पोरं अशी गेली आणि पळालेली बोटांवर मोजण्याइतकीच. यात आणखी एक गोम होती. कैदी पोचवण्याचे अधिकाऱ्यांना पैसे मिळायचे, ती कमाई बुडाली. लिंडसेवर खार खाणारे लोक वाढले ते उगाच नाही.

पुढे त्याने जाहीरपणे सांगितलं की जेलमध्ये मोठे कैदी या पोरांवर अत्याचार करतात. पोलीस खात्याने ते खोटं ठरवलं. मग त्याने १९०३ मध्ये गव्हर्नर जेम्स पीबडी यांना आणि शहरातल्या बड्या लोकांना आपल्या चेंबरमध्ये बोलावलं आणि पोरांनाच बोलू दिलं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकणाऱ्यांना सहन झालं नाही. त्याच वर्षी बालन्यायालयाचे कायदे मंजूर झाले. पोरांसाठी वेगळं डिटेन्शन होम आलं आणि मुलाला बिघडवणाऱ्या मोठ्यांनाही शिक्षा ठरली.

लिंडसे देशभर गाजला. पण शत्रूही तेवढेच. १९१५ मध्ये एका खुनाच्या खटल्यात, मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करायला त्याने नकार दिला. कोर्टाच्या अवमानाबद्दल ५०० डॉलर दंड झाला. तो अपीलात गेला, तिथेही हरला.

१९२४ ला कोलोरॅडोचं राजकारण कू क्लक्स क्लॅनच्या ताब्यात होतं. लिंडसे त्यांच्या विरोधात उभा राहिला आणि निसटता जिंकला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२७ मध्ये त्याचं पद गेलं. त्याने मग पोरापोरींची गुपितं असलेल्या फायली बायकोच्या मदतीने मोकळ्या जागेत नेऊन जाळून टाकल्या. दुसऱ्या कुणाच्या हाती त्या लागल्या असत्या तर अर्ध्या शहराची अब्रू टांगणीला लागली असती. दोन वर्षांनी त्याची वकिलीची सनदही काढून घेतली, १९३५ मध्ये परत दिली. तोवर तो कॅलिफोर्नियात जज झाला होता. १९४३ ला तो लॉस एंजेलिसमध्ये वारला.

त्याच्या पद्धतीत एक खोट होतीच. सगळं जजच्या मनावर. जज लिंडसे असला तर ठीक, नसला तर? १९६४ मध्ये ॲरिझोनात अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून १५ वर्षांच्या मुलाला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवायचा हुकूम झाला. ना वकील, ना तक्रारदार समोर. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि मुलांनाही वकिलाचा हक्क दिला.

काउंटी जेलचा प्रश्न मात्र रेंगाळला. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवायला सांगितलं. १९८० च्या दुरुस्तीने त्यांना जेलमधून बाहेरच काढायला सांगितलं. पण मोठ्यांसारखा खटला चालणारी मुलं त्यातून वगळली होती. ती फट २०१८ च्या दुरुस्तीने बुजवली, तीही जजला अपवाद करायची मुभा ठेवून. आणि एखाद्या राज्याने नियम पाळलाच नाही, तर त्याचं केंद्राकडून येणारं अनुदान कापलं जातं, एवढंच.