रंगांनी नाकारले, लोखंडाने स्वीकारले

वर्ष १८८५. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये बेळगाव भागातून आलेला एक सोळा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याला चित्रकार व्हायचे होते. वडील काशिनाथपंतांना ही वाट मुळीच पसंत नव्हती. विद्याव्यासंगाची परंपरा असलेल्या घरातील मुलाने कुंचला हाती धरावा, हे त्या काळाच्या रीतीत बसणारे नव्हते. तरीही मुलाने आपला हट्ट सोडला नाही. सुमारे दोन वर्षे झाली आणि एक कठोर सत्य समोर आले. त्याच्या डोळ्यांना काही रंगांतील भेदच नीट उमगत नव्हता.

हा मुलगा म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. रंगांधळेपणाचे निदान हा कोणत्याही होतकरू चित्रकाराला खचवून टाकणारा आघात होता. घरच्यांचा विरोध पत्करून निवडलेली वाट अर्ध्यावरच बंद झाली होती. परंतु लक्ष्मणरावांनी एक गोष्ट अचूक ओळखली. रंग हातून निसटले, तरी रेषा शाबूत होती. त्याच संस्थेत यंत्रांच्या आरेखनाचे शिक्षणही मिळत होते, आणि लहानपणापासून त्यांना चित्रांइतकीच यंत्रांचीही ओढ होती. त्यांनी रंगचित्रकला सोडली आणि यांत्रिक आरेखन धरून ठेवले.

याच आरेखनाच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. त्यांचा पेशा शिकविण्याचा असला, तरी खरे शिक्षण तेथेच सुरू झाले. फावल्या वेळात ते यंत्रांत रमू लागले. कागदावर काढलेला भाग प्रत्यक्षात कसा फिरतो, कोठे अडतो, कशाने झिजतो, हे हात काळे केल्याशिवाय कळत नाही. अभियांत्रिकीची पदवी लक्ष्मणरावांपाशी कधीच नव्हती. त्यांनी हे शास्त्र हातांनी मिळविले.

त्या काळी पैरगाडी ही नवलाची वस्तू होती. बंधू रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींच्या विक्रीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय सुरू झाला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला प्रारंभ १८८८ पासून मानतो, तो याच दुकानाच्या आधारे. पुढे १८९७ च्या सुमारास मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

महिन्याच्या निश्चित पगाराकडे पाठ फिरवून त्यांनी छोटासा कारखाना उभारला. कडबा कापण्याचे यंत्र ही त्यांची आरंभीची निर्मिती. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर घडविला. येथे त्यांची गाठ लोकसमजुतीशी पडली. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर हाकणाऱ्या हातांना हे नवे अवजार परके वाटले. नांगर तयार होते, पण गिऱ्हाईक नव्हते. पहिले नांगर विकले जाण्यासाठी सुमारे दोन वर्षे जावी लागली. चित्रकलेचा मार्ग बंद झाला, तेव्हा तरुण लक्ष्मणपुढे दुसरी वाट होती. आता मात्र संसार, कर्ज आणि कारखाना यांचा भार होता. तरी त्यांनी नांगर सोडला नाही. हळूहळू खोल नांगरटीचा गुण शेतकऱ्यांना दिसू लागला.

जम बसतो न बसतो तोच दुसरे संकट आले. बेळगावात नवी वसाहत वसविण्यासाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. लक्ष्मणराव त्या सुमारास औंध संस्थानात देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे बांधकाम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपयांचे कर्जही दिले. जमीन निवडुंगाने भरलेली, नागांचा वावर असलेली. १९१० साली तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. काही मोजके कामगार व त्यांची कुटुंबे यांच्या साथीने लक्ष्मणरावांनी माळावर केवळ कारखाना नव्हे, तर गाव वसविले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी माल येणे थांबले, तेव्हा लोखंडाची टंचाई पडली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळविण्यासाठी जुन्या तोफा दिल्या, आणि युद्धाच्या त्या साधनांचे रूपांतर शेतीच्या अवजारांत झाले. पुढे भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, पंप असा पसारा वाढत गेला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

स्वतः पदवीवाचून घडलेल्या लक्ष्मणरावांनी पदवीला कधी कमी लेखले नाही. मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधवराव यांना त्यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत धाडले. शंतनुराव १९२६ मध्ये यांत्रिक अभियंता होऊन परतले आणि वडिलांच्या कारखान्यात रुजू झाले. वडिलांनी हातांनी मिळविलेल्या ज्ञानाला मुलाच्या शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. निकालाच्या दिवसांत एखाद्या शाखेचे दार बंद झाले म्हणून आयुष्यच संपल्यासारखे वाटणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी त्यांची जीवनकथा जरूर आठवावी. रंग न दिसलेल्या त्या मुलाने उरलेल्या रेषेच्या आधाराने महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा पाया घातला.