ज्ञानदेवांमागून चोपन्न वर्षें

काळाच्या ओघांत माणसें जातात. मग त्यांच्यावरील प्रेम कवि कशाच्या बळावर टिकवितो? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आपणांस फार लांब जावयास नको. हिंगोलीजवळील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे.

त्यांचा जन्म १२७० सालचा. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. बालपण पंढरपुरांत गेलें. पुढें पत्नी राजाईवर संसार टाकून नामदेव विठ्ठलापाशीं रमूं लागले. त्या माउलीचें गाऱ्हाणें अगदींच निराधार होतें, असें मला वाटत नाहीं. आपल्या औंढ्या नागनाथास विसोबा खेचर त्यांना गुरु लाभले, असें परंपरा सांगते.

ज्ञानदेव त्यांच्याहून पांच वर्षांनीं लहान. दोघांनीं मिळून तीर्थयात्रा केली. १२९६ सालीं कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनीं आळंदीस समाधि घेतली. पुढील वर्षभरांत सोपानदेव, मुक्ताबाई व निवृत्तिनाथही गेले. नामदेव मागें राहिले, अवघे सव्वीस वर्षांचे.

ज्ञानदेवांनीं आपलें चरित्र लिहिलें नाहीं. तें सांगितलें नामदेवांनीं. त्यांच्या नांवावरील आदि, तीर्थावळी आणि समाधि या तीन प्रकरणांत तें आलें आहे. समाधीच्या अभंगांत प्रेम अमर असल्याची ग्वाही कवि देत बसत नाहीं. कोण कोण जमले होते, निवृत्तिनाथांसारख्या विरक्ताचाही धीर कसा सुटला, समाधीची जागा आपल्या मुलांनीं कशी साफ केली, हें तो सांगत राहतो. हिशेब केला तर हीं मुलें त्या वेळीं फारच लहान असणार! कदाचित् म्हणूनच तो प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाहीं. ज्या हातांना झाडू धड पेलत नसेल, ते हात मित्राच्या शेवटच्या आसनाची जागा झाडीत आहेत.

यानंतर नामदेव चोपन्न वर्षें जगले. उत्तरेकडे गेले, पंजाबांत घुमान येथें राहिले, तिकडच्या भाषेंत पदें रचिलीं. त्यांचीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत समाविष्ट आहेत. २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन त्या घुमान गांवींच भरलें होतें.

१३५० सालीं पंढरपुरांत त्यांनीं देह ठेविला. विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराची पायरी ही त्यांचीच समाधि मानितात. आळंदीहून ज्ञानदेवांची पालखी घेऊन आलेले वारकरी त्या पायरीवर पाऊल न ठेवतां ती ओलांडून आंत जातात.